डब्यावरचे वॅट नंतर, दाराचं माप आधी: कमी खर्चात गाडीचे स्पीकर कसे बदलावेत

डब्यावर पाचशे वॅट छापलेली जोडी आणली, दारात बसेना म्हणून पत्रा कापला, काच खाली घेताना मॅग्नेटला अडकली आणि एवढं करून आवाज आधीपेक्षा कमीच झाला. जुनी अल्टो, वॅगन-आर, इको किंवा बोलेरो घेतलेल्या माणसाकडून तालुक्याच्या गावात ही तक्रार थोड्याफार फरकाने हमखास ऐकायला मिळते. दुकानदाराला नावं ठेवली जातात, पण बहुतेक वेळा चूक क्रमात असते. आधी खरेदी, मग माप आणि बिघाड नेमका कुठे होता याचा शोध सगळ्यात शेवटी, असा उलटा कारभार चालतो. तो सरळ कसा करायचा, ते खाली टप्प्याटप्प्याने दिलं आहे. हिशेब गृहीत धरला आहे तो साध्या टेपवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवर चालणाऱ्या, आवाज वाढवणारा वेगळा अँप्लिफायर नसलेल्या गाडीचा.

## कामाला बसण्याआधी जवळ काय हवं

स्टार पेचकस, दहाचा पाना, साधा डिजिटल मल्टिमीटर, घड्याळाचा एक 1.5 व्होल्टचा सेल आणि दोन हात वायर, मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, जाड पुठ्ठा, कात्री आणि दाराचं पॅड उचकटायला प्लास्टिकची चपटी पट्टी. लोखंडी पेचकस घालून पॅड उचकटलं की रंग गेला आणि प्लास्टिकही दबलं, म्हणून ती पट्टी घ्याच. फोमची चिकटपट्टी आणि वायरवर चढवायची उष्णतेने आकसणारी स्लीव्ह पुढे लागेल.

मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत किंवा सावलीत करा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर गेलेला असतो, तेव्हा उन्हातल्या गाडीचं प्लास्टिक मऊ पडून वाकतं. डिसेंबरातल्या पहाटे उलट होतं, पॅडच्या क्लिपा कडक होऊन पटापट मोडतात. चार-सहा जादा क्लिपा आधीच आणून ठेवल्या तर बरं. किंमत किरकोळ असते, पण ऐनवेळी तालुक्यात मिळत नाहीत.

## टप्पा 1: स्पीकरच खराब आहे का, याची खात्री करा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आवाज फाटतो, एका बाजूचा येत नाही, खरखर होते. यातल्या प्रत्येक तक्रारीमागे स्पीकर असेलच असं नाही.

टेपमधला बॅलन्स आणि फेडर वापरा. आवाज पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग पुढे, मग मागे न्या. एकेक स्पीकर वेगळा ऐकू येईल आणि बिघाड कोणत्या दारात आहे ते कळेल. चारही ठिकाणी सारखाच फाटका आवाज येत असेल तर संशय टेपवर किंवा गाण्यावर घ्या. मोबाइल शॉपीतून भरून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये कैकदा अशी दाबून लहान केलेली गाणी असतात की कोणताही स्पीकर लावला तरी ती चिरकीच वाजणार. एफएमवर आकाशवाणीच्या बातम्या लावा. निवेदकाचा आवाज स्वच्छ येत असेल तर स्पीकरला दोष देऊ नका.

आता दार हळूहळू उघडा आणि लावा. त्यासोबत आवाज येतो-जातो असं झालं, तर दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतली वायर तुटायला आली आहे. काळी-पिवळी म्हणून दहा वर्षं चाललेल्या गाडीत हे ठरलेलं असतं, कारण तिचं दार दिवसातून शंभरदा आपटलेलं असतं. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीला लागून उभी राहत असेल तर उंदरांचाही विचार करा. सोयाबीन घरात आलं की उंदीर येतात, आणि त्यांना वायरवरचं प्लास्टिक वर्ज्य नाही.

एवढं पाहून झालं की स्पीकर तपासायचा. त्यासाठी पॅड काढावं लागतं, ती कृती टप्पा 3 मध्ये आहे. स्पीकर हातात आला की तीन चाचण्या करा.

पहिली मीटरची. स्पीकरच्या दोन टोकांवर मीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या खुणेवर लावा. 4 ओहमचा स्पीकर साधारण 3.2 ते 3.8 दाखवतो. बरोबर 4 आला नाही म्हणून घाबरू नका, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी तुटली. 1 च्या आसपास दाखवलं तर कॉइल जळून आतल्या आत चिकटली.

दुसरी सेलची. 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा आणि उचला. 'टक्' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे.

तिसरी बोटांची. दोन्ही हातांची बोटं कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याच्या कडेला सारख्या अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबा. गुपचूप आत-बाहेर झाला तर ठीक. आत वाळू घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल मॅग्नेटला घासते आहे, त्या स्पीकरचं आयुष्य संपलं. कोनच्या कडेचा फोम बोटाने चुरगळून पडत असेल तरीही तेच.

सावध: इंजिन चालू केल्यावरच येणारी आणि रेसबरोबर वाढणारी 'चूंईई' शीळ स्पीकरची नसते. ती टेपच्या अर्थिंगची किंवा अल्टरनेटरची तक्रार आहे. नवे स्पीकर लावले तर तीच शीळ आणखी स्पष्ट ऐकू येईल.

तपासा: दाराच्या खिशातली पाण्याची बाटली, चिल्लर आणि पाना काढून पुन्हा ऐका. 'स्पीकर तडतडतो' ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते.

## टप्पा 2: तुमचा टेप खरा किती दम देतो

बहुतेक टेपवर '50 वॅट x 4' छापलेलं असतं. हा आकडा कुठून येतो ते एकदा समजून घेतलं की दुकानात कोणी फसवू शकत नाही. इंजिन चालू असताना गाडीत जास्तीत जास्त 14.4 व्होल्ट मिळतात. 14.4 चा वर्ग करून 4 ओहमने भागा, उत्तर येतं 51.8. म्हणजे आवाज पूर्ण चिरडून, लहरीचं डोकं छाटून ती चौकोनी केली तर 50 वॅट. स्वच्छ आवाजासाठी त्याचे निम्मेच धरायचे, आणि टेपमधल्या आयसीचा (आवाज वाढवणाऱ्या चिपचा) तोटा वजा जाता हातात साधारण 18 ते 22 वॅट उरतात. इंजिन बंद असेल तर आणखी कमी.

स्पीकर निवडताना हाच 20 वॅटचा आकडा लक्षात ठेवा. डब्यावर 300 लिहिलं आहे की 500, याने आवाज वाढत नाही. तो आकडा 'स्पीकर क्षणभर किती सोसेल' असं सांगतो, तेही खरं लिहिलं असेल तर. पण काउंटरवर संवाद असाच होतो:

"भाऊ, हा किती वॅटचा हाय?"

"घे ना दादा, पाचशेचा हाय. गाव हालते!"

गाव हलत नाही. 20 वॅटचा टेप पाचशेच्या स्पीकरलाही 20 वॅटच देतो. जड कॉइल आणि ताठ कोनचा असा स्पीकर तेवढ्यावर उलट मंद वाजतो.

टेपच्या पुस्तिकेत किंवा मागच्या स्टिकरवर '4-8 ओहम' असं काही लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. टप्पा 4 मध्ये लागणार आहे.

## टप्पा 3: पॅड काढा आणि चार मापं घ्या

या टप्प्याला घाई करायची नाही. 'याले कोणतेबी बसतेत' असं मिस्त्री म्हणाला तरी स्वतः माप घ्या. एकाच नावाच्या गाडीत मॉडेल आणि वर्षाप्रमाणे स्पीकरची जागा बदललेली असते, शिवाय सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय कापाकापी केली असेल ते उघडल्याशिवाय कळत नाही.

क्रम असा. काच पूर्ण खाली घ्या. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार दहाच्या पान्याने सोडवा. काच आधी खाली घेण्याचं कारण म्हणजे स्पीकरच्या मागची खोली काच खाली असतानाच मोजायची असते, आणि बॅटरी सोडल्यावर पॉवर विंडो हलणार नाही.

मग स्क्रू शोधा. ते लपवलेले असतात: आतल्या हँडलच्या वाटीत छोट्या झाकणाखाली, हात टेकायच्या जागेच्या तळाशी, कधी पॅडच्या खालच्या कडेला. सगळे काढल्यावर पट्टी खालच्या कोपऱ्यातून घालून एकेक क्लिप सोडवत वर या. शेवटी पॅड सरळ ओढू नका, वर उचला, कारण ते काचेच्या कडेवर अडकवलेलं असतं. मागे हँडलची तार आणि स्विचचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) आहे. तो सोडवेपर्यंत पॅड एका हाताने धरून ठेवा.

हाताने फिरवायची काच असेल तर तिच्या मुठीत स्क्रू दिसत नाही आणि लोक ती मूठ ओढून मोडतात. मुठीच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. जुन्या धोतराची किंवा सुती फडक्याची लांब पट्टी घ्या, मूठ आणि पॅडच्या मधल्या चकतीमागे सरकवा, दोन्ही टोकं धरून ताणा आणि ताकाच्या रवीची दोरी ओढतात तशी पट्टी इकडून तिकडे घासा. धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप टुणकन उडते. उडते म्हणूनच दुसरा हात समोर धरा. ती मुरमात पडली तर सापडत नाही.

पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो फाडू नका, हलकेच सोलून बाजूला दुमडा. पावसात काचेच्या फटीतून उतरणारं पाणी त्याच्यामुळेच खालच्या भोकांतून बाहेर जातं. तो फाडला की जुलैमध्ये पायाखालची मॅट ओली होते, आणि त्याचा संबंध स्पीकरशी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सावध: एअरबॅगच्या गाडीत पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर त्याला हात लावू नका.

आता चार मापं, तीही मिलिमीटरमध्ये:

1. पत्र्यातल्या भोकाचा व्यास. कोनचा नाही आणि जाळीचाही नाही. '6.5 इंची' हे स्पीकरचं नाव आहे, त्याला लागणारं भोक साधारण 125 ते 130 मिमी असतं. लोक कोनवर पट्टी ठेवतात, 5 इंच येतं, 5 इंचाचा आणतात आणि तो भोकातून आत पडतो.

2. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि ती तीन आहेत की चार. समोरासमोरची मोजा. तीन असतील तर मोजत बसू नका, पुठ्ठ्यावर छाप घ्या.

3. मागची खोली, म्हणजे पत्र्यापासून आत काचेपर्यंत किंवा काचेच्या यंत्रणेपर्यंत. जे जवळ असेल ते धरा. आलेल्या मापातून 5 मिमी वजा करा, कारण खडबडीत रस्त्यावर काच हलते.

4. पुढची मोकळीक, म्हणजे पत्र्यापासून पॅडच्या जाळीपर्यंत. मधला ट्वीटर (बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) उंच असलेला स्पीकर इथे अडतो, आणि पॅड बसवायच्या वेळीच ते कळतं.

कंपनीचा जुना स्पीकर बऱ्याचदा प्लास्टिकच्या उंच कड्यासकट एकजीव असतो. त्याने मागची जागा वाचवलेली असते. तो काढला की कडंही गेलं, म्हणून नव्या स्पीकरला स्पेसर, म्हणजे उंची भरून काढणारं वेगळं कडं लागतं. ते किती जाड हवं ते जुन्याच्या कड्याची उंची मोजून लिहा.

सगळं कागदावर लिहा, पुठ्ठ्यावर भोकाचा आणि स्क्रूंचा छाप कापून घ्या, जुना स्पीकर पुन्हा जोडून पॅड लावा. दुकानात जाताना खिशात हा पुठ्ठा असला की अर्धा वाद मिटतो.

## टप्पा 4: काय घ्यायचं, काय सोडायचं

किती जोड्या? बजेट कमी असेल तर फक्त पुढची जोडी, पण चांगली. तेच पैसे चार स्वस्त स्पीकरमध्ये वाटले की कुठूनच नीट ऐकू येत नाही. मागचे जुने चालू असतील तर राहू द्या आणि फेडर थोडा पुढे ठेवा. एकच स्पीकर गेला असला तरी जोडीच बदला. डावा-उजवा वेगळा असला की गाण्याचा तोल जातो.

प्रकार. एकाच चौकटीत मध्ये ट्वीटर असलेला कोअॅक्सियल घ्या, तोही टू-वे, म्हणजे एक कोन आणि एक ट्वीटर असलेला. थ्री-वे, फोर-वे, फाइव्ह-वे असं लिहिलं म्हणून आवाज वाढत नाही. स्वस्त डब्यात ते जादा ट्वीटर शोभेचेच असतात. ट्वीटर वेगळा असलेला कंपोनंट सेट चांगला वाजतो, मात्र तो बसवायला जागा, वायरिंग आणि हातखंडा हवा. साध्या टेपवर त्याचे पैसे वसूल होत नाहीत.

संवेदनशीलता. डब्यावर डेसिबलमध्ये लिहिलेला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि कोणीच तो विचारत नाही. 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती आवाज येतो ते तो सांगतो. 3 डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॅट पुरतात. 91 डेसिबलचा स्पीकर 20 वॅटवर जेवढा वाजेल, तेवढं वाजायला 87 वाल्याला 50 वॅट लागतील, आणि ते तुमच्या टेपकडे नाहीत. 90 किंवा वरचा बघा. फक्त एक खाच आहे: '1 वॅट' ऐवजी '2.83 व्होल्ट' लिहिलं असेल तर 4 ओहमच्या स्पीकरला ते 2 वॅट होतात, म्हणून त्या आकड्यातून 3 वजा करून तुलना करा.

टाटा एस किंवा पिकअपवाल्यांनी तर हाच आकडा धरावा. डिझेल इंजिनाच्या घरघरीत खालचा बास ऐकूच येत नाही. तिथे माणसाचा आवाज स्वच्छ पोचवणारा, संवेदनशील स्पीकर हवा.

आरएमएस वॅट. 'मॅक्स', 'पीक', 'पीएमपीओ' हे सगळं सोडा. आरएमएस म्हणजे स्पीकर सतत सोसेल ते वॅट. ते 30 ते 50 असतील तर या कामाला पुरून उरतात. आरएमएस लिहिलेलाच नाही असा डबा परत ठेवा.

ओहम. 4 ओहम घ्या. काही कंपन्यांचे स्पीकर 3 किंवा त्याहून कमी ओहमचे असतात. टेपवर '4-8' लिहिलं असेल तर ते लावू नका. घरच्या होम थिएटरचा 8 ओहमचा काढून गाडीत बसवणारेही आहेत, तो निम्म्याच वॅटवर वाजतो.

कोन आणि त्याची कड. आपल्या हवेत हा मुद्दा चैनीचा नाही. उन्हात बंद गाडी तापते आणि चार महिन्यांनी त्याच दारात पाणी उतरतं. साधा कागदी कोन ओल धरतो. पॉलिप्रॉपिलिनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या गुळगुळीत मालाचा कोन घ्या. कड रबराची असावी, लेप दिलेल्या कापडाची चालेल, फोमची नको. मागच्या काचेखालच्या ट्रेमध्ये तर फोम टिकतच नाही. तिथे ऊन थेट पडतं.

6x9 इंचीचा मोह. हा अंडाकृती स्पीकर हॅचबॅकच्या मागच्या पातळ ट्रेवर ठेवला की ट्रेच जास्त वाजतो. तो घ्यायचाच असेल तर खाली जाड प्लाय हवा, आणि ट्रे गाडीला पक्का बांधलेला हवा. ब्रेक मारल्यावर तो जड ऐवज डोक्यावर येतो.

खर्च. नामांकित कंपनीची साधी 6.5 इंची जोडी साधारण दोन ते साडेतीन हजारांत येते. स्पेसर, कपलर आणि फोमपट्टीला आणखी चार-पाचशे धरा. याहून कमीत भागवायचं असेल तर ओळखीच्या अॅक्सेसरी दुकानात 'कंपनीतून काढलेले' विचारा. लोक नवी गाडी घेऊन लगेच मोठी सिस्टिम बसवतात आणि मूळचे कोरे स्पीकर दुकानातच सोडून जातात. तुमच्याच मॉडेलचे मिळाले तर स्क्रू, कडं, कपलर सगळं जसंच्या तसं बसतं. माझ्या मते गावाकडच्या साध्या गाडीला याहून शहाणा सौदा नाही. घेताना टप्पा 1 मधल्या तिन्ही चाचण्या करा.

सावध: 'एका तारेवर दोन स्पीकर' हा सल्ला मानू नका. 4 ओहमचे दोन समांतर जोडले की टेपला 2 ओहम दिसतात, आयसी तापते आणि एखाद्या लग्नाच्या वरातीत नेमकी बसते.

## टप्पा 5: काउंटरवर

सोनी, जेबीएल, पायोनियर, केनवूड या नावांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. तालुक्याच्या आठवडी बाजारात 'ओरिजनल' म्हणून सहाशेला मिळणारी जोडी काय असेल ते किंमतच सांगते. डबा उलटा करून बघा: उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, माल कोणत्या देशातला, महिना-वर्ष, सर्व करांसहित एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क. पॅकबंद मालासाठीच्या 2011 च्या वजनमापे नियमांनुसार हे छापलेलं असावं लागतं. मॉडेल नंबर डब्यावर आणि स्पीकरच्या मागे एकच हवा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर मोबाइलमध्ये टाकून बघा. तिथे नसेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

मग पुठ्ठा काढा. स्पीकर त्यात बसवून बघा आणि मॅग्नेटची खोली पट्टीने मोजा. टप्पा 3 मधल्या मापात बसत नसेल तर 'थोडा पत्रा कापू' या बोलण्यात येऊ नका. मीटर सोबत असेल तर दोन्हींचे ओहम बघा, आकडे जवळजवळ सारखे हवेत.

दुकानातल्या फळीवर ऐकवतील तेव्हा बास वाढवलेलं गाणं नको म्हणा. एखादी बाई बोलते किंवा गाते असं काही, मध्यम आवाजात लावा. डोळे मिटून ऐकताना समोर माणूस बोलतोय असं वाटलं तर स्पीकर बरा. फळीवर बास कमीच येतो, दारात बसल्यावर वाढतो. तेवढ्यावरून नाकारू नका.

पक्कं बिल घ्या, मॉडेल नंबर लिहून. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख. नागपूर-अमरावतीहून घेतलं असेल तर वॉरंटीसाठी पुन्हा तिकडेच जावं लागेल, भाड्याचा हिशेब आधीच करा. ऑनलाइन मागवलं तर डबा उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा.

## टप्पा 6: बसवणं

पॅड त्याच क्रमाने काढा, बॅटरी सोडलेली असू द्या. जुन्या वायरचा कपलर कापू नका. तुमच्या गाडीचा तयार जोड-कपलर मिळतो, तोच वापरा, म्हणजे उद्या जुने स्पीकर परत लावता येतात. कपलर मिळालाच नाही तर वायर पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा उपाय नाही. आपल्याकडच्या उन्हात त्या टेपचा डिंक वितळून ती सुटते. डाग द्या (सोल्डर करा) आणि वर आकसणारी स्लीव्ह चढवा.

स्पीकरच्या दोन पात्यांपैकी रुंद पातं सहसा प्लस असतं. खात्री हवी तर सेलचा प्लस एका पात्याला आणि मायनस दुसऱ्याला टेकवा: कोन बाहेर आला तर सेलचा प्लस लागला तेच पातं प्लस. बाजारातल्या टेपच्या मागे पांढरी जोडी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी आणि जांभळी मागची उजवी. काळी रेघ असलेली वायर मायनस. हे रंग टेपच्या वायरिंगचे आहेत. दारातल्या कंपनीच्या वायरचे रंग वेगळे असतात, तिथे रंगावरून अंदाज बांधू नका.

सावध: स्पीकरची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडू नका. जुन्या रेडिओत तसं चालायचं. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आउटपुट असतं, मायनस पत्र्याला टेकली की आयसी जाते.

स्पेसर लागत असेल तर प्लास्टिकचा घ्या. एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं कडं पावसाळ्यात फुगून स्क्रूची पकड सोडतं. प्लायचा केला तर दोन हात रंग द्या, कडांनाही. स्पेसर आणि पत्र्याच्या मध्ये, तसंच स्पीकरच्या कडेभोवती पुढून फोमपट्टी लावा. दहा-वीस रुपयांची ही पट्टी बासमध्ये जेवढा फरक पाडते तेवढा हजार रुपये जास्त दिलेला स्पीकर पाडत नाही, कारण कोनच्या मागची हवा पुढे गळली की बास मरतो. जुन्या स्पीकरवर पाण्यासाठी प्लास्टिकचा छज्जा असेल तर तो नव्यावरही बसवा.

स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली की चौकट वाकते आणि कॉइल घासू लागते. दाराच्या तळाची पाण्याची भोकं काडीने मोकळी करा. काळ्या मातीने ती गच्च बसलेली असतात.

तपासा: पॅड लावण्याआधी बॅटरी जोडा, काच वर-खाली करा, गाणं लावा. दोन्ही दारं वाजली आणि काच कुठे टेकली नाही, तरच पॅड.

## टप्पा 7: सुरू केल्यावर

आधी दिशा तपासा. बॅलन्स मध्यावर ठेवून बासचं गाणं लावा, मग एकाच बाजूला न्या. एका बाजूला बास भरीव आणि दोन्ही चालू केल्यावर पातळ, असं झालं तर एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी आहे. एकाच दारातली उलटून द्या.

टेपमध्ये एचपीएफ (खालचे जड सूर अडवणारा हाय-पास फिल्टर) असेल तर 80 किंवा 100 हर्ट्झवर ठेवा. 4 इंची स्पीकरला 120 च्या वर चालेल. लाउडनेस बंद, बास 2 च्या पुढे नको. एचपीएफ नसलेल्या टेपवर 4 इंची स्पीकर फाटत असेल तर प्रत्येकाच्या प्लस वायरमध्ये 220 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस बाजू नसलेला कॅपॅसिटर जोडा. 4 ओहमवर तो साधारण 180 हर्ट्झच्या खालचा भार हलका करतो. नॉन-पोलरच हवा, साधा चालत नाही.

मग इंजिन चालू ठेवून आवाज हळूहळू वाढवा. 'स' आणि 'श' जिथे चिरकायला लागतात तो आकडा बघा आणि त्याच्या दोन खाली ही वरची मर्यादा समजा. स्पीकर जळतात ते बहुतेक वेळा या रेषेच्या पलीकडे, बास पूर्ण वाढवून. जास्त वॅटच्या टेपने जळण्यापेक्षा कमी वॅटचा टेप चिरडून वाजवल्याने जास्त जळतात. ट्वीटर आधी जातो.

गावाच्या पांदणीवरून एक फेरी मारा. कुठे खडखड आली तर पॅडवर तळहात दाबून जागा शोधा. दाबल्यावर थांबली तर तिथे क्लिप नीट बसलेली नाही, किंवा आतली वायर पत्र्याला आपटते आहे. वायरला फोमचा तुकडा गुंडाळा. पंधरा-वीस दिवसांनी पॅड पुन्हा काढून स्क्रू एकदा आवळून घ्या, मुरमाच्या रस्त्यावर ते ढिले होतातच. जुने स्पीकर, त्यांचे कडे आणि स्क्रू एका पिशवीत बांधून चिठ्ठी लावून ठेवा. गाडी विकताना घेणारा नव्या स्पीकरचे पैसे वेगळे देत नाही, तेव्हा जुने परत बसवून नवी जोडी पुढच्या गाडीत नेता येते.